हिताची मात्रा

‘मात्रा’ या शब्दाला मराठीत अनेक अर्थ आहेत. अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ ती मात्रा. छंदशास्त्रात उच्चाराचा काळ मोजावयाचा तोही मात्रांनीच. आणि वैद्यकात औषधाचे परिमाण म्हणजे मात्रा. पुढे परिमाणाचे नाव औषधालाच पडले आणि आपण ‘हेमगर्भाची मात्रा’ असे म्हणू लागलो. औषध आणि त्याचे माप यांना भाषेने एकच नाव द्यावे, यात आमच्या मते मोठे शहाणपण आहे. माप काढून घेतले की औषध उरत नाही, नुसता पदार्थ उरतो; आणि तो पदार्थ तारील की मारील, हे कोणी सांगू शकत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हा विचार आहे, आणि सोळाव्या शतकातील युरोपीय वैद्य पॅरासेल्सस यानेही तो स्वतंत्रपणे मांडला आहे.

आपल्या घरांतून हा विचार ग्रंथ न वाचताही पाळला जात असे. तान्ह्या मुलाला बाळगुटी देणारी आजी सहाणेवर वेखंड, मायफळ, हळकुंड उगाळी. पण कोणत्या मुळीचे किती वेढे द्यावयाचे, हे बाळाच्या महिन्यांवरून ठरलेले असे. वेखंडाचा वेढा चुकून जास्त झाला तर मूल ओकते, हे तिला ठाऊक होते. बाळगुटी आज द्यावी की नाही हा येथे प्रश्न नाही; बालरोगतज्ज्ञ ती देऊ नका असेच सांगतात आणि ते ऐकावे. आमचे लक्ष वेढे मोजणाऱ्या त्या बोटांकडे आहे. बाळ बोलू शकत नव्हते, ‘पुरे’ म्हणू शकत नव्हते. म्हणून त्याच्या वतीने मोजण्याचे काम आजीने आपल्याकडे घेतले होते.

येथूनच आमचा प्रश्न निघतो. ज्याला अजून स्वतःचे हित सांगता येत नाही, अशा माणसाचे हित आपण करू जातो, तेव्हा त्या हिताची मात्रा कोणी ठरवावी? आणि ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे जातो, त्याच्यावर कोणते कर्तव्य येते? हा प्रश्न केवळ तत्त्वाच्या भाषेत चर्चिला तर सगळेच सहमत होतात आणि कोणाचेच काही बिघडत नाही. म्हणून आम्ही एकच पदार्थ उदाहरणासाठी घेतो. तो पदार्थ म्हणजे फ्लोराइड. दातांच्या आरोग्यासाठी मुलांना देण्यात येणाऱ्या फ्लोराइडच्या गोळ्या आणि थेंब आपल्यापैकी पुष्कळांनी अमेरिकेतील नातवंडांच्या घरी पाहिले असतील. त्याच फ्लोराइडने आपल्या माळव्यात, तेलंगणात आणि विदर्भात गावेच्या गावे वाकविली आहेत. एकाच पदार्थाची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिल्यावाचून आमच्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही.

कथेचा आरंभ अमेरिकेतला आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. तेथे वाढलेल्या अनेक लोकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग आढळले. १९०९ पासून जी. व्ही. ब्लॅक हे त्या काळचे नामांकित दंतशास्त्रज्ञ या शोधात त्याच्या सोबतीला आले. दोघांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. मोठेपणी त्या गावात राहावयास आलेल्यांना हे डाग पडत नसत. ज्यांचे दात त्या गावाच्या पाण्यावर घडले त्यांनाच ते पडत. दुसरी गोष्ट आश्चर्याची होती : डागाळलेले हे दात सहसा किडत नसत. डागाचे कारण १९३१ साली सापडले. अॅल्युमिनियमच्या एका कंपनीतील रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल याने आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या गावच्या पाण्याचे पृथक्करण केले आणि त्यात फ्लोराइडचे प्रमाण फार असल्याचे दाखविले. त्यानंतर ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्याने गावोगावचे पाणी आणि तेथल्या मुलांचे दात यांची वर्षानुवर्षे तुलना केली. लिटरभर पाण्यात सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड कमी होते आणि डागही फारसे पडत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाणीपुरवठ्यात हे प्रमाण साधेल इतके फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. जेथे विहिरीवर अवलंबून असलेली घरे होती किंवा शहराचे पाणी तसेच ठेवलेले होते, तेथील मुलांसाठी पुढे थेंब आणि गोळ्या आल्या.

या कथेतील क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. डाग आधी दिसला, गुण नंतर कळला. म्हणजे या औषधाचा जन्मच अपायाच्या निरीक्षणातून झाला. आणि त्याची मात्रा ठरली ती अपाय कोठे सुरू होतो हे मोजूनच.

आता आपल्या बाजूचे चित्र पाहू. १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडने हाडे जखडलेले रुग्ण वैद्यकशास्त्राच्या नोंदीत आले. हैदराबादकरांना नलगोंडा जिल्ह्याचे नाव या संदर्भात सांगावयास नको. पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुना घालून खाली बसविण्याची जी पद्धत नागपूरच्या ‘निरी’ या संस्थेने सत्तरच्या दशकात विकसित केली, तिला नलगोंडा पद्धत असेच नाव पडले. मध्य प्रदेशात झाबुआ, धार, मंडला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड. गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा. ही यादी पुष्कळ लांबविता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. भारतीय मानकाप्रमाणे एक मिलिग्रॅम हे स्वीकारार्ह प्रमाण आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे. तीन ते सहा मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडांवर परिणाम दिसू लागतो. दहाच्या पुढे पंगुत्व येऊ शकते. मान वळत नाही, पाठीचा कणा ताठ होतो, वाढत्या मुलांच्या पायांची हाडे वाकतात. पोषण कमी असेल, आहारात कॅल्शियम कमी असेल, तर हा आजार अधिक लवकर आणि अधिक जोराने धरतो. म्हणजे ज्याच्या घरी दूध नाही त्याच्यावर या पाण्याचा घाव सर्वांत खोल बसतो.

हे पाणी लोकांच्या तोंडी कसे आले, यात आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. पूर्वी ही गावे बावड्यांचे, नाल्यांचे, उथळ विहिरींचे पाणी पीत. त्या पाण्याने पटकी, हगवण आणि नारू होत असे. नारूचा दोरा पायातून निघताना माणूस महिना-महिना अंथरुणाला खिळत असे. लोकांना उघड्या पाण्यापासून सोडविण्यासाठी सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावोगावी कूपनलिका खोदून हातपंप बसविण्यात आले. हेतू निर्मळ होता आणि फळही मिळाले : देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पण खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असते. जेथे खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे असतात आणि पाण्यात कॅल्शियम कमी असते, तेथे ते विष त्यात विरघळून येते. त्याला रंग नाही, वास नाही, विशेष चवही नाही. जंतूंपासून शुद्ध असलेले हे स्वच्छ पाणी कित्येक गावांनी कृतज्ञतेने प्यायले आणि काही वर्षांनी मुलांच्या दातांवर रेघा दिसू लागल्या.

येथे दोष कोणाला द्यावयाचा? ज्यांनी हातपंप बसविले ते लोकांचे शत्रू नव्हते. हेतू वाईट नव्हता, कष्टही थोडे नव्हते. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट आम्ही अनुभवाने सांगू शकतो : जो आकडा वरून मागितला जातो तोच खाली मोजला जातो. किती खोदले, किती चालू, किती बंद, हे विचारले गेले. पाण्यात काय आहे, हे पुष्कळ उशिरा विचारले गेले. एका अपायाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना दुसरा अपाय दिसला नाही. परोपकाराच्या इतिहासात ही चूक वारंवार घडलेली आहे; आणि ती दुष्टांच्या हातून घडत नाही, भल्यांच्याच हातून घडते.

आता हीच चूक घरातील एका लहानशा बाटलीपाशी कशी घडू शकते ते पाहा. समजा, अमेरिकेत विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरातील तीन-चार वर्षांच्या मुलीला तेथील दंतवैद्याने रोज अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आहे. ती आईबरोबर उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आजोळी येते. बाटली सोबत असते. आजी नेमाने, न चुकता, रोज गोळी देते. इंदूरसारख्या शहरात १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. पण शहराच्या वाढत्या वस्त्यांत कूपनलिकेवर चालणारी घरे आजही पुष्कळ आहेत. आजोळचे पाणी कोणते, त्यात फ्लोराइड किती, हे कोणी पाहिलेले नसते. शिवाय मूल दात घासताना गोड चवीची पेस्ट गिळते, आणि आपल्याकडच्या उन्हात तिकडच्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी पिते. गोळी तीच, आजीची माया तीच. पण मात्रा बदललेली असते आणि ती कोणाच्याच हिशेबात नसते.

म्हणून या गोळ्यांविषयी जे जाणकारांनी ठरविले आहे ते सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१० साली स्पष्ट केले की ही पूरके सर्व मुलांसाठी नाहीत. ज्यांचे दात किडण्याचा धोका मोठा आहे आणि ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड कमी आहे, त्यांच्यासाठीच आहेत. तिने दिलेल्या कोष्टकाप्रमाणे सहा महिन्यांखालील बाळाला काहीही द्यावयाचे नाही. पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमहून कमी फ्लोराइड असेल तर सहा महिने ते तीन वर्षे या वयात रोज पाव मिलिग्रॅम, तीन ते सहा वर्षांत अर्धा, आणि सहा ते सोळा वर्षांत एक मिलिग्रॅम. पाण्यात ०.३ ते ०.६ असेल तर तीन वर्षांखाली काही नाही, पुढे पाव आणि मग अर्धा. ०.६ च्या वर असेल तर कोणत्याही वयात गोळी नाही. या कोष्टकाचा अर्थ उघड आहे : पाण्याचा आकडा माहीत नसेल तर मात्रा ठरविता येतच नाही. प्रथम पाणी तपासावे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जल-परीक्षण प्रयोगशाळेत ते होऊ शकते. ज्या भागात पाण्यातील फ्लोराइड आधीच भरपूर आहे, तेथे गोळीचा विचारही करू नये.

आणखी काही गोष्टी आहेत. बाटलीवर सोडियम फ्लोराइडचे वजन लिहिलेले असेल तर घोटाळा होतो, २.२ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडात फ्लोराइड एकच मिलिग्रॅम असते. गोळी गिळावयाची नसते. चघळून तोंडात थोडा वेळ घोळवावयाची असते, कारण फ्लोराइडचा मुख्य गुण दाताच्या पृष्ठभागावरच घडतो हे आता कळलेले आहे. दुधाबरोबर ती देऊ नये, कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते. एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. गोड गोळ्यांची बाटली मुलाला खाऊच वाटते. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅम फ्लोराइड एकदम पोटात गेले तर ते विषबाधेचे प्रमाण समजतात आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. भारतात टूथपेस्टमध्ये दहा लाख भागांत एक हजारापर्यंत फ्लोराइड चालते. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. तीन वर्षांखालील मुलाने ब्रशभर पेस्ट गिळली तर त्याच्या वयाच्या गोळीच्या चौपट फ्लोराइड पोटात जाऊ शकते. म्हणून तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, आणि थुंकावयास शिकवावे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनेही ते जात नाही. दातांवर डाग पडण्याचा धोका दात जबड्यात घडत असतात तोपर्यंत, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत असतो. तो पडला की आयुष्यभराचा सोबती होतो.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, ‘एवढी यातायात करण्यापेक्षा काहीच न देणे बरे.’ हा आक्षेप वाटतो तितका निर्दोष नाही. काही न करणे म्हणजे दोषातून सुटणे, असे आपले मन मानते. पण मुलाच्या दृष्टीने पाहिले तर किडलेली दाढही कायमचीच असते. रात्र-रात्र ठणकणारी दाढ, न जेवणारे मूल, आणि दंतवैद्याची फी न परवडणारे आईबाप, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे ते कीड ही क्षुल्लक गोष्ट म्हणणार नाहीत. देणे ही जशी कृती आहे तशीच न देणे हीही कृती आहे. दोन्हींचा हिशेब मुलाच्याच शरीरावर लिहिला जातो. तेव्हा प्रश्न ‘द्यावे की न द्यावे’ असा ठेवला तर तो सुटणारच नाही.

दुसरा एक पक्ष स्वातंत्र्याचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यावरील निबंधात, प्रौढ माणसावर त्याच्याच हितासाठी बळजबरी करता येणार नाही, असे प्रतिपादन केले. परंतु लहान मुलांना त्याने या नियमातून वगळले. मुलासाठी कोणीतरी ठरविलेच पाहिजे, हे त्यालाही मान्य होते. सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळण्याविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो येथूनच निघतो : नळ उघडणाऱ्या प्रौढाला नकार देण्याची सोय राहत नाही. उलट बाजूस न्यायाचा मुद्दा आहे. गोळी जागरूक आणि सुस्थितीतील आईबापांच्याच मुलांपर्यंत पोहोचते; पाणी मात्र झोपडीतल्या मुलापर्यंतही जाते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आपल्या देशात सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही. आपल्याकडे ते काढून टाकणे हेच शासनाचे कर्तव्य ठरते. २००८-०९ साली केंद्राने फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तेलंगणात ‘मिशन भगीरथ’ने २०१६ पासून नद्यांचे पाणी गावोगावी नेण्यास सुरुवात केली, ती याच कर्तव्याच्या जाणिवेने. पण घरातील गोळीच्या बाबतीत शासन नाही, शेजारी नाही. तेथे निर्णय करणारे आपणच असतो, आणि ज्याच्यासाठी करतो त्याला विचारण्याची सोय नसते.

अशा वेळी आपले नाते मालकाचे नसते, विश्वस्ताचे असते, असे आमचे मत आहे. विश्वस्ताला निर्णयाचा अधिकार असतो, पण त्या अधिकाराला हिशेबाची अट जोडलेली असते. अज्ञान मुलाची इस्टेट सांभाळणारा माणूस ‘माझा हेतू चांगला होता’ एवढे सांगून सुटत नाही. किती होते, किती आले, किती गेले, हे त्याला वहीत दाखवावे लागते. शरीर ही तर मुलाची पहिली इस्टेट. तिच्या बाबतीत आपण इतके सैल का राहावे?

या विश्वस्तपणाची तीन कर्तव्ये आम्हास दिसतात. पहिले, घालण्यापूर्वी काय आहे ते पाहणे. उणीव आहे असे गृहीत धरून उपकार करू नये, उणीव मोजावी. दुसरे, माप ज्याचे त्याच्यासाठी घ्यावे. अमेरिकेतही १९६२ साली फ्लोराइडचे प्रमाण ठरविले गेले तेव्हा थंड प्रदेशासाठी १.२ आणि उष्ण प्रदेशासाठी ०.७ असा भेद केला होता, कारण उन्हात माणूस पाणी अधिक पितो. दूर देशी ठरलेली मात्रा आपल्या उन्हाला आणि आपल्या पाण्याला जशीच्या तशी लावणे म्हणजे मापाचे नाव घेऊन माप टाळणे होय. तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण आहे : पुन्हा मोजणे, आणि मोजून चूक दिसल्यास हात आवरणे.

या तिसऱ्या कर्तव्याचे उदाहरण गेल्या काही वर्षांत डोळ्यांसमोर घडले आहे. घराघरांत फ्लोराइडयुक्त पेस्ट आल्यावर मुलांच्या पोटात एकूण फ्लोराइड वाढले, म्हणून २०१५ साली अमेरिकेने पाण्यातील प्रमाण सर्वत्र ०.७ वर आणले. २०२४ साली तेथील राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने, पाण्यात दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध असल्याचे मध्यम खात्रीने नोंदविले, ०.७ या पातळीबद्दल निष्कर्ष काढण्यास पुरावा अपुरा आहे, असेही सांगितले. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तेथील औषध प्रशासनाने मुलांच्या फ्लोराइड गोळ्या-थेंबांवर निर्बंध घातले : तीन वर्षांखालील मुलांना, आणि कीड होण्याचा धोका मोठा नसलेल्या त्याहून मोठ्या मुलांना, ती देऊ नयेत. म्हणजे वर दिलेल्या कोष्टकातील सहा महिने ते तीन वर्षे या वयाची मात्रा आता तेथील प्रशासनाच्या मते गैरलागू झाली आहे. दंतवैद्यांच्या संघटना आणि प्रशासन यांच्यात याबाबत मतभेद आहेत. ज्यांच्या घरी अशी बाटली आहे त्यांनी जुन्या चिठ्ठीवर विसंबून न राहता मुलाच्या डॉक्टरांना पुन्हा विचारावे, हे उत्तम.

या बदलांकडे पाहून काही लोक हसतात : ‘काल अमृत म्हणत होते, आज विष म्हणतात.’ आम्हाला हे हसणे योग्य वाटत नाही. ज्याने मोजलेच नाही त्याला मत बदलण्याची वेळ येत नाही. मत बदलणे हा मोजणाऱ्याचा कमीपणा नव्हे; हिशेब चालू असल्याची ती खूण आहे. भीती वाटावी ती त्या उपकारकर्त्याची, ज्याची वही पहिल्याच पानावर बंद झालेली आहे.

फ्लोराइड हे केवळ उदाहरण होते. मुलांना आपण शिस्त देतो, शिक्षण देतो, धर्म देतो, अपेक्षा देतो. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठीपण जपणाऱ्या आपल्यासारख्या घराण्यांनी तर मुलांना भाषा आणि परंपरा आग्रहाने दिली. हे सर्व हितच आहे. पण इंदुरात वाढणाऱ्या, बेळगावात कन्नड शाळेत जाणाऱ्या किंवा बडोद्यात गुजराती मित्रांत रमणाऱ्या मुलाच्या अंगी आधी काय आहे, त्याला किती पेलते, हे पाहून आपण दिले का? उणीव मोजून दिलेल्या गोष्टीला मूल धरून ठेवते. न मोजता लादलेली गोष्ट त्याच्या मनावर डागासारखी राहते, आणि तो डाग घासून जात नाही.

प्रेमाने दिलेले सर्व पचते, अशी आपली समजूत आहे. झाबुआच्या मुलांच्या पायांकडे पाहिले की ती टिकत नाही. ते पाणीही कोणीतरी भल्या मनानेच दिले होते. प्रेमाला मोजावयास सांगितले तर प्रेम कमी होईल, अशी शंका कोणी बाळगू नये. सहाणेवरचे वेढे मोजणाऱ्या आजीचे बाळावर प्रेम कमी होते, असे कोण म्हणेल?